पहिल्या झुरक्याचा भाव

कोपऱ्यावरच्या टपरीत एक लांबट वही असायची. उधारीची. टपरीवाला तिच्यात गिऱ्हाइकांची नावं लिहीत नसे, खुणा लिहायचा. माझी खूण ‘चष्मा’ होती. चष्म्यापुढे महिनाभर रेघा पडत जायच्या, चार उभ्या आणि त्यांना छेदणारी पाचवी. एक तारखेला तो वही पुढे सरकवायचा, मी आकडा बघून दर महिन्याला न चुकता विचारायचो, “एवढे कसे झाले?” आणि तोही न चुकता म्हणायचा, “रेघा मोजा साहेब.” मोजायचो. बरोबर भरायच्या.

सिगारेट सोडल्याला आता बरीच वर्षं झाली. कशामुळे सुटली म्हणून कुणी विचारलं तर मी खोकल्याचं नाव सांगतो, डॉक्टरांचं सांगतो. खरं सांगायचं तर त्या रेघांचा वाटा मोठा होता. आपण किती ओढतो हे आपल्याला ठाऊक असतं अशी प्रत्येक ओढणाऱ्याची समजूत असते, आणि ती जवळपास नेहमीच चुकीची असते.

ती वही मला आठवली इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये. भाच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. हा पूर्वी दिवसाला दहा सिगारेटी ओढायचा, आता व्हेप ओढतो, म्हणजे निकोटिनची वाफ देणारं बॅटरीवरचं यंत्र. मी काही विचारायच्या आतच त्याने सफाई दिली: “मामा, सिगारेटच्या पाचव्या हिश्श्यात भागतं. वर्षाला जवळजवळ अडीच हजार पौंड वाचतात.” आणि मग, मामाच्या चेहऱ्यावर काही हलत नाही हे पाहून, “रुपयांत कर की.” ते मी आधीच केलं होतं. परदेशात गेल्यावर मनातल्या मनात गुणाकार चालूच असतो, चहाच्या कपाचासुद्धा.

आरोग्याचा मुद्दा काढला की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो, पण पैशाचा मुद्दा तो स्वतःहून मांडतो. व्हेपवाल्यांचा हा आवडता युक्तिवाद आहे आणि दिसायला तो बिनतोड आहे. म्हणून तो कागदावर घेऊ.

ब्रिटनमध्ये वीस सिगारेटींचं पाकीट साधारण १६ पौंडांना पडतं. दिवसाला दहा म्हणजे ८ पौंड, वर्षाला २,९२०. व्हेपचं यंत्र एकदाच घ्यायचं, वीस-पंचवीस पौंडांचं. मग १० मिलिलिटरची द्रवाची बाटली चारेक पौंडांना. भाच्याला आठवड्याला दोन लागतात. शिवाय आतली तापणारी तार, जिला तिकडे कॉइल म्हणतात, ती जळकट वास मारू लागली की बदलायची; तिचे आठवड्याला अडीच पौंड धरू. एकूण साडेदहा, वर्षाला ५४६. बचत २,३७४ पौंडांची. भाचा खोटं बोलत नव्हता.

पण ही बचत आली कुठून? १६ पौंडांच्या पाकिटात तीन चतुर्थांशाच्या आसपास रक्कम कराची असते. करवजा त्या पाकिटाची किंमत चार पौंड. म्हणजे कर नसता तर भाच्याच्या दहा सिगारेटी वर्षाला ७३० पौंडांना पडल्या असत्या. व्हेपच्या द्रवावर आजवर फक्त २० टक्के मूल्यवर्धित कर होता; तो काढला तर ५४६ चे ४५५ होतात. वस्तू वस्तूशी तोलली तर फरक पावणेतीनशे पौंडांचा. उरलेले दोन हजार शंभर पौंड व्हेपने वाचवलेले नाहीत. ते तिथल्या एकामागून एक आलेल्या अर्थमंत्र्यांनी सिगारेटवर चढवलेले आहेत, तिथे तंबाखूवरचा कर दरवर्षी महागाईपेक्षा दोन टक्के जास्त वाढवत नेण्याची रीत आहे. व्हेप स्वस्त नाही, सिगारेट मुद्दाम महाग केलेली आहे. त्या महागाईच्या सावलीत व्हेप स्वस्त दिसतं.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मुद्दाम केलेली गोष्ट मुद्दाम केलेलीच असावी. सिगारेट ओढणाऱ्याला खिशाच्या वाटेने व्हेपकडे ढकलायचं, हे ब्रिटनने डोळसपणे ठरवलेलं धोरण आहे. २०१५ मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने व्हेप सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. त्या आकड्यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. पण व्यसन सोडायला निकोटिनच्या पट्ट्या आणि गोळ्यांपेक्षा निकोटिनयुक्त व्हेपचा उपयोग जास्त होतो, हा वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याचा निष्कर्ष भक्कम पुराव्यावर उभा आहे. २०२३ मध्ये तर इंग्लंडच्या सरकारने दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना सुरुवातीचं व्हेपचं साहित्य फुकट द्यायची योजना काढली. जाळून ओढलेल्या तंबाखूत डांबर येतं, कार्बन मोनॉक्साइड येतो. व्हेपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन तापवून निकोटिनची वाफ करतात. जळण नाही. चाळिशीतल्या, वीस वर्षं धूर गिळलेल्या माणसाला हा सौदा फायद्याचा आहे, हे नाकारण्यात काही अर्थ नाही. भाच्याचा खोकला गेला आहे. मी त्याच्या घरात महिनाभर झोपलो, मला माहीत आहे.

गोची दुसरीकडे आहे. किंमत दुकानात टांगलेली असते आणि ती वाचणारा एकटा भाचा नसतो.

लेस्टरच्या मुख्य रस्त्यावर मी अशी दुकानं मोजली, कंटाळून थांबलो. फळांच्या रंगांची, बर्फाच्या गोळ्यांच्या गाडीसारखी सजवलेली. मोठा माणूस वर्षाचा खर्च काढतो. पंधरा वर्षांचं पोर वर्षाचा खर्च काढत नाही. ते आत्ता खिशात किती आहेत ते बघतं. ब्रिटनमध्ये २०१७ पासून विसापेक्षा कमी सिगारेटींचं पाकीट विकता येत नाही. म्हणजे सिगारेटीच्या पहिल्या झुरक्याला १६ पौंड लागतात, नाहीतर मित्राची मेहेरबानी. एकदा वापरून फेकायचा व्हेप मात्र पाच-सहा पौंडांना मिळायचा. २ मिलिलिटर द्रव, ‘६०० पफ’ असं वर छापलेलं. विक्री अठरा वर्षांवरच्यांनाच करायची हा नियम तिथेही आहे, आणि तो किती पाळला जातो ते सांगायला नको. जो भाव भाच्याला सिगारेटपासून ओढून नेतो, नेमका तोच भाव त्या पोराला दारातून आत घेतो. एकाच आकड्याकडून दोन उलट कामांची अपेक्षा आहे आणि आकडा बिचारा दोन्ही करतो.

व्यसनाचा खर्च म्हटला की आपण एकच गोष्ट मोजतो: महिन्याला किती, वर्षाला किती. तो ओढणाऱ्याचा हिशेब आहे. धोरण आखणाऱ्याने दुसरा आकडा बघायला हवा, पहिल्या झुरक्याचा भाव. ज्याने अजून सुरुवातच केलेली नाही त्याला आत शिरायला किमान किती पैसे लागतात? वर्षाचा खर्च अवाढव्य आणि प्रवेश जवळपास फुकट, असं असलं तर ती महागाई फक्त अडकलेल्यांना लुटते. दार उघडंच राहतं.

ब्रिटिशांना हे उशिरा उमगलं. २०२३ मध्ये तिथे आठवड्याला सुमारे ५० लाख फेकाऊ व्हेप कचऱ्यात जात होते, प्रत्येकात एक लिथियमची बॅटरी. १ जून २०२५ पासून फेकाऊ व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. कंपन्यांनी काय केलं? त्याच रंगाढंगाच्या यंत्राला चार्जिंगचं एक भोक पाडलं, पुन्हा भरता येण्याची सोय ठेवली आणि जवळपास त्याच किमतीला ते शेल्फवर लावलं. कायद्याच्या भाषेत ते आता फेकाऊ राहिलेलं नाही. फेकतात मात्र तसंच.

मग कर. १ ऑक्टोबर २०२६ ही तारीख ठरवून दर १० मिलिलिटर द्रवावर २ पौंड २० पेन्सचा सरसकट कर लावण्याचं ठरलं. त्यावर मूल्यवर्धित कर धरून बाटलीमागे २ पौंड ६४ पेन्स. भाच्याला वर्षाला पावणेतीनशे पौंड जास्त. त्याच वेळी शंभर सिगारेटींवरही २ पौंड २० पेन्स वाढवायचे, म्हणजे मधली दरी फार बुजू नये. हिशेब नीट केलेला आहे, हे मान्य करायला हवं: एवढं करूनही व्हेपचा वर्षाचा खर्च आठशे पौंडांच्या थोडा वर राहतो आणि सिगारेटचा तीन हजारांवर जातो. पण सरसकट या शब्दात एक गंमत लपली आहे. मार्च २०२४ मधल्या मूळ प्रस्तावात निकोटिनच्या तीव्रतेनुसार एक, दोन आणि तीन पौंड असे टप्पे होते. सात महिन्यांनी नव्या सरकारने ते काढून एकच दर ठेवला. आता कर मिलिलिटरवर आहे, निकोटिनवर नाही. जो माणूस तीव्रता उतरवत उतरवत सोडायच्या वाटेवर आहे त्याला सौम्य द्रव जास्त ओढावा लागतो, म्हणून तोच जास्त कर भरणार. कडक ओढणाऱ्याचं थोड्यात भागतं. दारूवर कर लावताना पाणी मोजण्यासारखा हा प्रकार आहे. तीन टप्पे राबवायला कटकटीचे होते, हे कारण असेल. तरीही चुकलंच.

आणि हे सगळे आकडे ज्या १६ पौंडांवर उभे आहेत, ते सगळेच देतात असंही नाही. गरीब वस्त्यांत काउंटरखालून मिळणारं तस्करीचं पाकीट त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. ऑस्ट्रेलियाने तर ही परीक्षा फारच ताणली. सिगारेटचं पाकीट चाळीस ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर नेलं, व्हेप २०२४ पासून औषधांच्या दुकानांपुरतं ठेवलं, आणि मेलबर्नमध्ये बेकायदा तंबाखूच्या धंद्यावरून टोळ्या एकमेकांची दुकानं पेटवू लागल्या. किंमत वाढवत नेण्यालाही एक छत असतं. ते कुठे आहे हे डोक्याला लागल्यावरच कळतं.

आता घरी येऊ.

भाच्याचा युक्तिवाद पुण्यात आणला तर काय होतं? इथे व्हेप विकतच घेता येत नाही, निदान कायद्याने. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला: उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं बंद. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाख. ओढण्याबद्दल कायदा गप्प आहे. तेव्हा अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी झालेल्या तरुणांच्या बातम्या रोज येत होत्या. पुढे कळलं की त्यातल्या बहुतेकांचा संबंध गांजाच्या अर्काच्या व्हेपमध्ये मिसळलेल्या एका तेलकट पदार्थाशी होता. पण भीती खरी होती, आणि जूलसारखी अमेरिकी व्हेप कंपनी भारतात उतरायच्या तयारीत होती हेही खरं होतं. बंदी जाहीर झाली त्या दिवशी सिगारेट कंपन्यांचे शेअर वधारले. सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीमध्ये सरकारी आयुर्विमा महामंडळाचा साधारण १५ टक्के वाटा आहे. यावरून लगेच कट-कारस्थान शिजवायची मला हौस नाही, पण ज्या घरात सिगारेटचा लाभांश येतो त्याच घराने व्हेपला आरोग्याच्या कारणावरून दार लावलं, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

बंदी म्हणजे काय? माझ्या मते तोही एक करच आहे. फरक एवढाच की तो तिजोरीत जात नाही, मधल्या हातांत जातो. महाराष्ट्राने हे गुटख्यात पाहिलंय. जुलै २०१२ मध्ये बंदी आली. गुटखा गेला नाही, पुडीचा भाव वाढला आणि वाढलेला भाव वाटून घेणारी साखळी तयार झाली. व्हेपचंही तेच झालं. ज्याला हवा त्याला मोठ्या शहरात मिळतो, हजारापासून अडीच हजारांपर्यंत, कुठला माल, आत काय, कुणी भरलं, काही ठाऊक नाही. समजा दीड हजाराचा एक व्हेप दहा दिवस गेला. महिन्याला साडेचार हजार. टपरीवरची लांब सिगारेट हिशेबाला सोपी म्हणून वीस रुपयांना धरू. दिवसाला आठ ओढणाऱ्याचे महिन्याला चार हजार आठशे. तिथे पाचपट असलेला फरक इथे आला की तीनशे रुपयांवर येतो. भाच्याचा बिनतोड युक्तिवाद मुंबई विमानतळावरच गळून पडतो, आणि यंत्रही, कारण ते सोबत आणणं म्हणजे आयात.

पण ही तुलनाच इथे मुळात किती जणांची आहे? कॉलेजातली, कॉर्पोरेट कॅन्टीनच्या मागे उभी राहणारी, मूठभर माणसं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतात सिगारेट ओढणारे ४ टक्के होते, विडी ओढणारे ७.७ टक्के. विडीच्या पंचवीसच्या बंडलाला तीसेक रुपये पडतात. म्हणजे एक विडी सव्वा रुपयाच्या आत. दिवसाला एक बंडल ओढणाऱ्याचा महिना नऊशे रुपयांत निघतो. त्याला साडेचार हजारांचा व्हेप परवडतो म्हणणं म्हणजे चेष्टा. आणि महाराष्ट्राचं चित्र तर आणखी वेगळं. त्याच सर्वेक्षणात इथले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, पण ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळं तोंडात: तंबाखू-चुना, मावा, खर्रा, मशेरी. आमच्याकडे तंबाखू ओढत नाहीत, मळतात. पारावर तळहात पुढे केला की चिमूटभर मिळते, पैशाचं नावही निघत नाही. पहिल्या चिमटीचा भाव शून्य.

म्हणून बंदी उठवा आणि व्हेप स्वस्त करा, लोक सिगारेट सोडतील, हे ब्रिटनमध्ये खरं ठरलेलं वाक्य इथे तसंच्या तसं चालणार नाही. तिथे व्हेपने एका महाग वस्तूची जागा घेतली. इथे ती जागा महाग नाहीच. गायछापची पुडी कमरेला असलेला शेतकरी किंवा सकाळी मशेरी लावणारी बाई आंब्याच्या चवीच्या वाफेकडे वळेल ही कल्पनाच करवत नाही. वळणार कोण? ज्याने अजून काहीच घेतलेलं नाही ते पोर, आणि तेही पैसेवाल्या घरातलं. एवढ्यासाठी, आणि फक्त एवढ्याचसाठी, मी आज बंदीच्या बाजूने आहे. ब्रिटनमध्ये असतो तर विरुद्ध बाजूला असतो. दोन्ही मतं एका माणसाची असू शकतात, कारण प्रश्न व्हेप चांगला की वाईट हा नसून तो कशाच्या शेजारी ठेवलाय हा आहे.

माझे एक मित्र, पेशाने फुप्फुसांचे डॉक्टर, यावर माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, ३.८ टक्के हा आकडा लहान वाटतो, पण महाराष्ट्राच्या लोकसंख्येला लावला की काही लाख माणसं होतात, आणि त्यांच्यातल्या ज्यांना खरंच सोडायचंय त्यांच्या हातातून तू एक साधन काढून घेतोस. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. अर्धं उत्तर आहे: दुसरी साधनं आहेत आणि ती आपण नीट वापरतच नाही. निकोटिनचा पर्यायी उपचार २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. पाकिटावर १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. पण निकोटिनचं च्युइंगम घ्यायला औषधांच्या दुकानात गेलं की दुकानदार आधी खाली-वर बघतो, आणि सिगारेट पंधरा पावलांवर, ओळखीच्या माणसाकडे, उधार. सोडण्याचा भाव ओढण्याच्या भावापेक्षा चढा ठेवायचा आणि मग लोक सोडत का नाहीत म्हणून जनजागृती सप्ताह साजरा करायचा, हे आपल्याला फार छान जमतं.

बंदीच्या बाजूने उभं राहून मला सरकारला जे विचारायचंय ते वेगळंच आहे. पोरांना वाचवायला व्हेप बंद केला ना? मग पोरं पहिला झुरका कशाचा मारतात ते बघा. सुट्या सिगारेटीचा. ब्रिटनमध्ये आत शिरायचं स्वस्त तिकीट व्हेप होतं, इथे ते सुटी सिगारेट आहे. वीस रुपये, आखूड घेतली तर त्याहून कमी, चहासोबत. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर कॅन्सरचं चित्र छापायची सक्ती २०१६ पासून आहे आणि सुटी घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही. ते टपरीवाल्याच्या मांडीपाशी असतं, त्यामुळे ती चित्रं देशात सर्वांत जास्त तोच बघतो. कर्नाटकाने २०१७ मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये. तुमच्या कोपऱ्यावरच्या टपरीत ती बंदी पोहोचली असेल तर मला कळवा, मी बघायला येईन. अल्पवयीनाला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री चालत नाही. कायद्यांची कमतरता नाही.

सुटी सिगारेट ही गरिबाची सोय आहे, असं एक म्हणणं असतं आणि ते मी स्वतः वीस वर्षं वापरलं आहे. पाकीट घेतलं की संपवलं जातं, सुटी घेतली की आवर राहतो. माझ्या बाबतीत त्या वहीतल्या रेघा काय सांगत होत्या ते वर लिहिलंच आहे.

करांचं तर विचारू नका. २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून सिगारेटवर २८ टक्के आणि वर उपकर होता. २०२० आणि २०२३ च्या अर्थसंकल्पांतली थोडीफार वाढ सोडली तर वर्षानुवर्षं तो हललाच नाही, आणि तेवढ्या काळात पगार, मजुरी, चहा सगळं वाढलं. म्हणजे सिगारेट दरवर्षी थोडी थोडी स्वस्तच होत गेली. किमतीत कराचा वाटा ७५ टक्के असावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपला निम्म्याच्या किंचित वर रेंगाळत राहिला. अखेर १ फेब्रुवारी २०२६ पासून ४० टक्के जीएसटी आणि लांबीनुसार हजार सिगारेटींमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क लागू झालं. उशिरा का होईना, झालं. पण जीएसटी परिषदेच्या सप्टेंबर २०२५ च्या ज्या बैठकीत तंबाखूला ४० टक्क्यांत टाकायचं ठरलं, त्याच बैठकीत विडीचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं. कारण विडीकामगार. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, भंडारा, घरोघरी मांडीवर सूप घेऊन तेंदूपत्ता वळणाऱ्या बायका. त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे आणि तो मोठा आहे. त्यावर उपाय म्हणून त्यांच्याच वस्तीतल्या पुरुषांची फुप्फुसं स्वस्तात जाळायची, हा कुठला न्याय? दर हजार विड्यांची मजुरी वाढवा ना. ती वाढवायला कुणी बैठक बोलावत नाही.

२०१७-१८ या एका वर्षात पस्तिशीच्या वरच्या भारतीयांमध्ये तंबाखूमुळे झालेल्या आजारांचा आणि मृत्यूंचा खर्च १,७७,३४१ कोटी रुपये होता, देशाच्या उत्पन्नाच्या एका टक्क्याहून जास्त. हा आकडा परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर पथारी टाकून बसलेल्या कुटुंबांकडे बघितल्याशिवाय कळत नाही. तिथे भेटणारी बहुतेक माणसं ना व्हेपवाली असतात, ना लांब सिगारेटवाली. दहा रुपयांच्या पुडीची असतात.

एका गोष्टीबद्दल मात्र भाच्याला मी काहीच बोललो नाही, आणि ती मला सगळ्यांत जास्त खटकली होती. सिगारेट संपते. दहा-बारा झुरके झाले की बोटांना चटका बसतो, थोटूक चिरडून आत यावं लागतं. पुढची पेटवायची तर पुन्हा जिना उतरा, लेस्टरच्या थंडीत कुडकुडत उभे राहा. हा सगळा त्रास म्हणजे सुद्धा किंमतच. पाकिटावर न छापलेली. भाच्याचा व्हेप उशाशी असतो. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात तिकडे जातो. जेवताना, फोनवर बोलताना, बाथरूममध्ये, एकेक झुरका. आज किती ओढलंस असं मी विचारलं तर त्याला सांगताच आलं नाही, कारण मोजायला तुकडाच नाही. ना थोटूक, ना राख, ना रेघ. पैशांत पाचवा हिस्सा झाला हे खरं, निकोटिनचा हिस्सा किती झाला हे त्यालाही माहीत नाही आणि त्या यंत्रालाही.

परत आल्यावर सहज टपरीवर गेलो, चहा प्यायला. जुना टपरीवाला आता बसत नाही, मुलगा बसतो. उधारीची वही कधीच गेली. क्यूआर कोडचा फलक आहे आणि शेजारी तो बोलणारा डबा. एक मुलगा आला, पाठीला दप्तर, मिशी नुकती फुटलेली. काही बोलला नाही, बोट दाखवलं फक्त. एक लांब सिगारेट त्याच्या हातात आली. त्याने फोन कोडसमोर धरला, आणि डबा सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “वीस रुपये प्राप्त झाले.”